आता बरं, की आधीचं?

माझ्या बहिणीची गोळी बदलली आणि ती वाचली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. त्या दिवसांत आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आम्ही घाबरून अर्धे झालेलो असताना तुम्ही पाय पसरून निवांत बसायचं, हा काही न्याय नाही. तेव्हा गोळी बदललेली नाही. कुणी वाचलेलं नाही. बहीण आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे आणि आई, बाबा आणि मी दाराबाहेर बस चुकल्यासारखे उभे आहोत.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, तिथे आई फ्रेमा दाखवते आणि प्रत्येकाला, चेहरा कसाही असला तरी, "ही तुम्हाला शोभते" असं सांगते. मध्ये पडदा. पडद्यामागच्या अंधाऱ्या खोलीत बाबा लोकांचे नंबर काढतात. त्याच्याही मागे मी, काच घासायच्या यंत्रापाशी. दिवसभर मी गोल काच फ्रेमच्या आकाराची करतो. माझ्या आयुष्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

बहिणीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं आहे. घरात ती भोंगा. जन्मली तेव्हा इतकी मोठ्याने रडली, की नर्सबाईंनी उठून खिडकी लावून घेतली. पुढे रडणं गेलं, हसणं आलं, आवाज तोच राहिला. ती हसली की खालच्या मजल्यावरचे काका काठीने त्यांच्या छताला, म्हणजे आमच्या जमिनीला ठोकायचे. ठक ठक ठक. मग ती त्या ठकठकीला हसायची. मग ते पुन्हा ठोकायचे. एकदा हे जेवण निवेपर्यंत चाललं होतं.

सोळावं लागलं आणि भोंगा बंद पडला. आधी हळू झाला, मग खरखरला, मग बंद. शाळा सुटली, आंघोळ सुटली, केसांच्या जटा झाल्या. दिवसा झोपायची आणि जागी असली की रडायची, तेही आवाज न करता, म्हणजे ते आमच्या ओळखीचं रडणंच नव्हतं. एका दुपारी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. भोंगा शेजारी बसून म्हणाली, मी नसते तर बरं झालं असतं, नाही? खिडकी लावू का, असं विचारावं त्या आवाजात. आईने हातातल्या टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली, परत उलगडली. मी दुकानातून आलो तेव्हा बाकीचे कपडे तसेच पडले होते आणि आई अजून त्याच टॉवेलवर होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टर मॅडमकडे गेलो. लहान मुलांच्या आणि भोंग्याएवढ्यांच्या मनाच्या त्या डॉक्टर. बाहेरच्या खोलीत काचेची टाकी होती आणि तिच्यात एकच मासा, ज्याला खरं तर आमच्या आधीचा नंबर द्यायला हवा होता. मॅडमनी भोंग्याशी बराच वेळ एकटीशी बोलून घेतलं, दर आठवड्याला बोलायला यायचं ठरवून दिलं आणि एक गोळी लिहून दिली. पांढरी, मधोमध आडवी रेघ असलेली. घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा म्हणाल्या. आमच्याकडे कुलपाची एकच वस्तू होती, बाबांची काचांची जुनी पेटी. ती दुकानातून घरी आली. एका कप्प्यात जवळच्या नजरेच्या काचा, दुसऱ्यात दूरच्या, तिसऱ्यात माझ्या बहिणीचं मन.

काही आठवड्यांनी भोंगा उठली. एका सकाळी मी बाथरूमचं दार ठोठावलं तर आतून "थांब ना दादा" असं ऐकू आलं, आणि मी दाराला टेकून इतका वेळ आनंदाने थांबलो, की दुकानात उशीर झाला. ती शाळेत जाऊ लागली. आईने जटा सोडवल्या. पांढऱ्या गोळीला आमच्या घरात थोरल्या जावयाचा मान मिळाला.

मग हळूहळू लक्षात येऊ लागलं. तिचे हात थरथरायचे, कपातला चहा आपोआप ढवळला जायचा. एकसारख्या जांभया. घामाने उशी ओली. हे होऊ शकतं, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे ते झालं तेव्हा आम्हाला एक प्रकारचं समाधानच वाटलं. पण ती रडायची थांबली होती तशी हसायचीही थांबली होती. आजी गेली त्या दिवशी तिने विचारलं, मग आज शाळेत जायचं की नाही? रागावून विचारलं नाही. दुःखाने विचारलं नाही. चौकशी खिडकीवर विचारतात तसं विचारलं. आणि कसं वाटतंय म्हटलं की एकच उत्तर: बरं आहे.

माणूस गेल्यावर घर जसं वागतं, तसं आमचं घर वागू लागलं. भोंगा चालताना पावलांचा आवाज होईनासा झाला. मागे वळावं तर ती उभी. फ्रिज उघडून आतल्या दिव्याकडे बघत उभी. गॅलरीत वाळत टाकलेल्या कपड्यांमध्ये उभी, इतकी स्वस्थ की आईने एकदा तिच्या खांद्यावरच ओला शर्ट टाकला आणि तिने तो काढलाही नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. भुतं मेलेल्यांची असतात. ही तर रोज माझ्या आधी आंघोळीला जायची.

आणि मग खालून ठकठक सुरू झाली.

पहिल्यांदा झाली तेव्हा संध्याकाळ होती. आई, बाबा, मी टेबलाशी. भोंगा बाथरूममध्ये, नळ चालू. घरात कुणी शब्द बोललेलं नव्हतं. ठक ठक ठक. आम्ही तिघांनी खाली पाहिलं, जणू जमीनच काहीतरी सांगत होती. दोन दिवसांनी परत. मग परत. शेवटी आई खाली गेली. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा टीव्ही सगळ्या इमारतीला ऐकू येतो. काका आईला म्हणाले, मुलगी हसायला लागली वाटतं पुन्हा, ऐकून बरं वाटलं, पण जरा हळू हसायला सांगा.

आई वर आली आणि मला स्वयंपाकघरात ओढून हे सांगितलं. कोण हसतं? मी म्हटलं, काकांचं वय झालंय. बाबा म्हणाले, पाइपमधून कुठलाही आवाज कुठेही जातो. पण त्या दिवसापासून आई मिक्सर मध्येच बंद करायची आणि मान तिरकी करून ऐकायची. खालच्या म्हाताऱ्याला रोज ऐकू येणारं आपल्या मुलीचं हसणं आपल्याला का ऐकू येत नाही, हा तिचा प्रश्न होता. मला विचाराल तर मी तो प्रश्न डोक्यात येऊच दिला नाही. मी पंखा पाचावर ठेवून बसायचो.

ठरल्या दिवशी आम्ही मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, हे जे सपाट झालंय त्याची दोन कारणं असू शकतात. एक, आजार अर्धाच हटलाय आणि उरलेला असा दिसतोय. तसं असेल तर गोळी वाढवायची. दोन, आजार हटलाय पण गोळीनेच मनावर जाड पडदा टाकलाय. तसं असेल तर गोळी कमी करायची किंवा बदलायची. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आणि दोन्हींचा उपाय एकमेकांच्या उलट. बदलायला जावं तर जुनी सोडताना चक्कर येते, डोक्यात बारीक करंट बसल्यासारखं होतं. आणि या वयात नवी सुरू करताना किंवा मात्रा हलवताना पहिले काही आठवडे मरणाचे विचार वाढूही शकतात, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. इकडे आड तिकडे विहीर, आणि आम्ही चष्मेवाले, आम्हाला दोन्ही स्वच्छ दिसत होती.

मॅडमनी आधी मात्रा थोडी वाढवून बघू म्हटलं. आणखी सपाट झाली तर गोळीचा दोष, उजळली तर आजाराचा. मग त्या भोंग्याला म्हणाल्या, यात सगळ्यात मोठी साक्ष तुझी. तुला आत काय वाटतं ते खरं सांगशील तरच मला दिशा कळेल.

भोंगा म्हणाली, बरं आहे.

आता बाबांविषयी. बाबांनी आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत एकच प्रश्न विचारलाय. माणसाच्या डोळ्यांपुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि म्हणायचं: आता बरं, की आधीचं? हे विचारण्याचा त्यांचा एक खास आवाज आहे, मऊ, तेल घातलेला, जो घरात कधी ऐकू येत नाही. या प्रश्नाला लोक फार खोटं बोलतात, असं बाबांचं म्हणणं. मुद्दाम नाही. कंटाळतात, भितात, चुकीचं उत्तर दिलं तर डॉक्टर रागावतील असं वाटतं. म्हणून बाबांची एक युक्ती आहे. ते काच बदलल्याचा आविर्भाव करतात आणि तीच काच परत बसवतात. आता बरं, की आधीचं? "सारखंच" म्हणणारा खरा. "आता बरं" म्हणणाऱ्याची सगळी तपासणी पहिल्यापासून करायची, कारण त्याच्या आधीच्या एकाही उत्तराला अर्थ नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल. आईच्या आणि माझ्या आलं नव्हतं.

वाढीव मात्रेची नवी गोळी बाबांनी आणली, पेटीत ठेवली आणि भोंग्याला दिलीच नाही. रोज सकाळी ते पेटी उघडायचे, जुनीच पांढरी गोळी तिच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, ही नवी. असे बरेच दिवस गेले. आणि मग एका रविवारी दुपारी, ती स्वयंपाकघरात पाणी पीत असताना, बाबांनी विचारलं. त्या आवाजात.

"आता बरं, की आधीचं?"

"आता बरं," भोंगा म्हणाली आणि पेला विसळून ठेवला.

बाबा गॅलरीत आले. आई आणि मी तिथे धुणं वाळत घालत होतो. त्यांचा चेहरा असा झाला होता की आईने आधी त्यांना बसवलं. मग त्यांनी सांगितलं. गोळी बदललीच नव्हती. आणि ती आता बरं म्हणाली. म्हणजे आजवरचं तिचं एकही "बरं आहे" खरं नाही. म्हणजे तिच्या आत काय चाललंय हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. कुणालाच नाही. आणि हे डॉक्टरांना सांगायचं तर त्यांनी वाढवलेली गोळी आपण दिली नाही, हेही सांगावं लागणार.

आईने हातातला चिमटा तारेला लावला. मग हळू म्हणाली, "अहो, ती गिऱ्हाईक आहे का?"

"गोळीवर रेघ होती, बाबा."

भोंगा मागे उभी होती. कधीपासून, देव जाणे. कपड्यांच्या मधून तिचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"नव्या गोळीवर रेघ नाही. पाकिटावर चित्र आहे. चष्मेवाल्याची मुलगी आहे मी, एवढं दिसतं मला."

बाबा म्हणाले, मग खोटं का बोललीस?

"तुम्ही दुकानातल्या आवाजात विचारलंत. त्या आवाजात विचारलं की लोक काहीतरी सांगतात आणि सुटतात. आणि तुम्ही नेहमी दोनच काचा दाखवता. दोन्ही वाईट आहेत असं सांगायची सोयच नसते."

मी विनोद करायच्या बेतात होतो, कारण मला दुसरं काही येत नाही. पण आईने वेगळाच प्रश्न विचारला. म्हणाली, काकांना काय ऐकू येतं गं?

भोंग्याने तारेवरचा एक चिमटा काढला, परत लावला.

"मी हसून बघते. बाथरूममध्ये, नळ सोडून, खालच्या जाळीत तोंड घालून. चालू होतो का ते बघते. आवाज येतो, आधीसारखाच येतो. फक्त आवाजच येतो. आत बघायला जावं तर कुणी नसतं."

खालून टीव्हीवर कुणीतरी हवामान सांगत होतं. उद्याचं.

"तुम्हाला भोंगा परत हवाय," ती म्हणाली. "मला कळतं. मलाही हवाय. पण तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर ती दुसरी येते. आईने तिला एकदा पाहिलंय, जरासंच, टॉवेलची घडी घालताना. मी तिला रोज पाहायचे. गोळीने दोघांनाही बाहेर काढलं. आता मी सांगितलं की मला काहीच वाटत नाही, तर तुम्ही गोळी काढाल. मग ती येईल. म्हणून बरं आहे."

तिच्याकडून एवढं सलग आम्ही वर्षभरात ऐकलं नव्हतं. आईने ओला पलंगपोस तसाच तिच्यासकट जवळ घेतला.

डॉक्टर मॅडमसमोर बाबा शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले. खुर्ची होती, तरी उभेच. सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या. आवाज न चढवता रागावतात ते लोक फार लागतात. त्या म्हणाल्या, पुन्हा असं करायचं नाही, एका गोळीचंसुद्धा नाही, आणि तुमच्या युक्तीत मुळात खोट आहे. काच बदलली नाही तर नजर बदलत नाही. गोळी बदलली नाही तरी माणूस बदलू शकतो. नवी गोळी घेतोय या नुसत्या आशेनेही चार दिवस बरं वाटतं. तिने खरंच तसं वाटून "आता बरं" म्हटलं असतं, तरी ते खोटं ठरलं नसतं. बाबांनी मान हलवली. इतक्या वर्षांत ज्यांना खोटं ठरवून परत खुर्चीत बसवलं, ते सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत.

मग मॅडमनी आम्हाला बाहेर माशापाशी पाठवलं आणि भोंग्याशी बोलल्या. परत आत बोलावलं तेव्हा त्यांनी तिलाच सगळ्यांदेखत विचारलं, की थरथर, मळमळ, झोप, भूक, वजन, यातलं तू काय सोसशील आणि काय नाही.

"थरथर चालेल. मळमळ चालेल. जाडी झाले तर चिडेन, पण चालवून घेईन," भोंगा म्हणाली. "हे काहीच नसणं नको. आणि ती दुसरीही नको."

मॅडमनी ते शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवले. "तसं एका गोळीत बांधून मिळत नाही," त्या म्हणाल्या. "पण शोधता येतं. तू खरं सांगणार असशील तर."

ठरलं ते असं. पांढरी हळूहळू उतरवायची, दुसऱ्या औषधाची पिवळी गोळी हळूहळू चढवायची. मध्ये एक काळ येईल जेव्हा जुनीचं छत्र गेलेलं असेल आणि नवीचं पूर्ण उघडलेलं नसेल. तेव्हा तिला एकटं सोडायचं नाही. बाथरूमची कडी काढायची. आणि रोज विचारायचं, आडून नाही, सरळ शब्दांत: मरावंसं वाटतंय का? विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, मॅडम म्हणाल्या. असलेला बाहेर पडायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर वाट न बघता फोन करायचा, त्या नसतील तर सरळ इस्पितळ गाठायचं.

घरी येऊन बाबांनी कडी काढली. स्क्रू एका वाटीत ठेवले. मग आम्ही तो प्रश्न विचारायला शिकलो, आणि याइतकं बेंगरूळ शिक्षण मी दुसरं पाहिलेलं नाही. आई पहिल्या दिवशी ताटाशी उभी राहून एका दमात म्हणाली, "अजून वाढू का आणि मरावंसं वाटतंय का?"

"थोडं वाढ," भोंगा म्हणाली. "नाही."

बाबा दाराच्या चौकटीतून विचारायचे, आपल्या अक्षरांच्या तक्त्यापासून माणसाला जेवढ्या अंतरावर बसवतात साधारण तेवढ्या अंतरावरून, आणि मुद्दाम खरखरीत आवाजात, दुकानातला मऊ आवाज चुकूनही येऊ नये म्हणून. त्यामुळे ते धमकी देताहेत असं वाटायचं. मी मेसेजवर विचारलं. तिने अंगठा पाठवला. अंगठा कुठल्या उत्तराचा, हे न कळून मी यंत्र तसंच सोडून घरापर्यंत पळत आलो. ती सोफ्यावर बसून नखं कापत होती. म्हणाली, अरे "नाही"चा अंगठा होता, माठा. तिने मला माठ म्हटल्याला वर्ष झालं असेल. मी जिन्यात जाऊन बसलो जरा वेळ.

रेघेवरून अर्धी केलेली गोळी बाबा हिऱ्यासारखी हाताळायचे. पांढरी उतरत गेली तसं घर डळमळू लागलं. भोंग्याला मान वळवली की डोक्यात करंट बसायचा. ती रस्ता ओलांडताना आधी थांबायची, डोळे मिटायची, मग मान वळवायची. तिला टूथपेस्टच्या जाहिरातीला रडू आलं. तिने कंगवा फेकला आणि आरशाचा कोपरा उडाला. बाबा मला कुजबुजत म्हणाले, रागावली, हे चांगलंच ना? कुणाला ठाऊक. प्रत्येक गोष्टीला आता चार कारणं असायची. आजार परततोय, की जुनी गोळी सुटतेय, की नवी चढतेय, की ती नुसतीच सोळा वर्षांची आहे? आम्ही तिघं तिच्याकडे असे बघायचो, जसं धूर येणाऱ्या भांड्याकडे बघतात. झाकण काढायचं धैर्य नाही आणि पाठ फिरवायचं त्याहून नाही.

एकदा शाळेतून ती सरळ दुकानात आली आणि मागे माझ्या यंत्रापाशी येऊन उभी राहिली. पावलांचा आवाज आला नव्हता. मी यंत्राचं पाणी बंद केलं आणि तो प्रश्न विचारला, सवयीने, जसं जेवलीस का विचारतात.

"हो," ती म्हणाली. "थोडंसं. दुपारपासून."

माझ्या हातात एक काच होती. ती गोल होती. मला एवढंच आठवतं, की ती अजून गोलच होती.

मी तिचा हात धरला आणि पडद्यातून बाहेर आलो. बाबा एका गृहस्थांच्या डोळ्यांपुढे काचा धरत होते. माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. आईने फोन उचलला. पाच मिनिटांत दुकान बंद झालं. ते गृहस्थ बाबांची तपासणीची अवजड गोल फ्रेम नाकावर तशीच घेऊन रस्त्याला लागले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, यातून छानच दिसतंय, हीच राहू द्या.

मॅडमनी त्याच संध्याकाळी बघितलं. उतरण जरा उभी झाली म्हणाल्या. पांढरीचा एक तुकडा परत वर चढवला, पिवळी आहे तिथे थांबवली. भोंग्याला विचारलं, आज रात्री इथे इस्पितळात राहतेस की घरी? घरी ठेवायचं तर काय काय पाळायचं, हे आमच्याकडून एकेकाकडून वदवून घेतलं. भोंगा म्हणाली, घरी. पण कुणीतरी जवळ बसा.

आम्ही बसलो. सगळे एकाच खोलीत, दिवे लावून, सोफ्यावर आणि खाली. टीव्ही चालू, आवाज बंद. मजा अशी, की सोफ्यावर एक जागा रिकामी राहिली. बाबा गुडघेदुखीवाले, तरी जमिनीवर बसले. आई स्टुलावर. मी दाराला टेकून. भोंगा सोफ्याच्या एका टोकाला, आणि तिच्या शेजारची ती जागा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ती दुसरी दिसत नव्हती, पण तिच्या जागेवर कुणी बसलं नाही. आणि भोंगा मधून मधून त्या जागेकडे बघायची, गाडीत शेजारी अनोळखी माणूस बसल्यावर बघतात तसं, मान न वळवता.

काही झालं नाही. काहीच झालं नाही, आणि एवढं जोरात काही न झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उजाडलं तेव्हा आईने उठून त्या जागेवरची उशी झटकली.

त्यानंतर प्रश्न वाढले. उठल्यावर आई विचारायची, निघताना बाबा, मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका, संध्याकाळी मी, फोनवर मॅडमची मदतनीस. ती आंघोळीला गेली की आमच्यातलं कुणीतरी कडी नसलेल्या दारापाशी सहज उभं असायचं, हातात काहीतरी काम असल्यासारखं. आईने एका आठवड्यात तिथे उभं राहून इतका लसूण सोलला की आम्हाला शेजारी वाटावा लागला. भोंगा खरं सांगायची. कधी नाही. कधी मगाशी वाटलं, आता नाही. एकदा म्हणाली, माहीत नाही, पण भूक लागलीये. ते उत्तर बाबांनी दिवसभर मनात धरलं. कुठल्या रकान्यात घालावं ते त्यांना ठरवता येईना.

पिवळी चढत होती. ती पोचेल की नाही, पोचली तर कुणाला घेऊन पोचेल, हे मॅडमही सांगत नव्हत्या.

मग एका रात्री जेवताना आई म्हणाली, कसं वाटतंय? बाबा म्हणाले, कसं वाटतंय? आणि मी तोंड उघडलं होतं. भोंग्याने पेला खाली ठेवला. हात थरथरत होता, थोडं पाणी सांडलं. ती खुर्ची मागे सारून उठली, पाठ ताठ केली, घसा साफ केला, आणि शाळेच्या ऑफिसातल्या बाईंच्या आवाजात बोलू लागली.

"प्रति, माननीय कुटुंबीय. विषय: प्रश्नांतून एक दिवसाची सूट मिळण्याबाबत. महोदय, अर्जदार या घरात जन्मापासून राहत असून सध्या दोन गोळ्यांच्या मध्ये आहे. ती जिवंत असल्याची खात्री आपण दररोज वेळोवेळी करून घेता, त्याबद्दल ती आपली आभारी आहे. तरी येत्या रविवारी, फक्त एक दिवस, अर्जदाराला कसं वाटतंय हे कुणीही विचारू नये, दाराबाहेर लसूण सोलू नये, आणि बाथरूमची कडी परत बसवून ती आतून लावू द्यावी, ही नम्र विनंती."